घाटात गाडी गरम होते, सपाटीला ठीक: कूलिंग सिस्टिमची तपासणी, सोप्याकडून अवघडाकडे

वाईपर्यंत काटा मध्यावर, पसरणी घाट निम्मा चढला की लालकडे. पाचगणीत थांबून पाणी टाकलं, गाडी गार झाली, परत साताऱ्याला आली. पुढे महिनाभर काही त्रास नाही, मग पुन्हा तेच. अशा गाडीच्या डिकीत बहुतेक वेळा पाण्याचा पाच लिटरचा कॅन सापडतो, आणि खरा दोष त्या कॅनमुळेच लपून राहतो. कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते. पेट्रोलसारखं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रोज खर्च होत नाही. दर आठवड्याला टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय, नाहीतर इंजिनात जळतंय. ती जागा सापडेपर्यंत दुरुस्ती झाली असं समजू नका.

आधी लक्षणं: गाडी नेमकी कधी गरम होते?

निम्मं निदान याच प्रश्नात आहे. गॅरेजला जाण्याआधी हे पक्कं करा.

- पोवई नाक्यावर किंवा वेण्णा लेकच्या रांगेत एसी लावून उभी असताना काटा वर जातो, हायवेला लागली की खाली येतो: रेडिएटरला हवा कमी पडतेय. फॅन, त्याची वायरिंग किंवा चोंदलेली जाळी बघा.
- गावात ठीक, पण खंबाटकी चढताना किंवा ८०-१०० च्या वेगाला वर: कूलंटचं फिरणं कमी पडतंय. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट उघडतोय, वॉटर पंप गेलाय, किंवा कूलंटच कमी आहे.
- सकाळी स्टार्ट करून पाच-सात मिनिटांतच वर: थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा आत हवा धरलीय.
- काटा वर-खाली नाचतो, हीटर लावला तर कधी गरम कधी गार हवा येते: आत हवा आहे किंवा लेव्हल खूप खाली गेलीय.
- काटा मध्यावर येतच नाही, ॲव्हरेज पडलंय: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी गरम होत नाही म्हणून लोक खूश असतात, पण सतत थंड चालणारं इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि जास्त झिजतं.
- केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर, पुढची मॅट ओली: हीटर कोअर गळतोय. एसीचं पाणीही कधी कधी मॅटवर येतं, पण त्याला रंग, वास, चिकटपणा काही नसतो.
- गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज पाईप दाबता येणार नाही इतका कडक होतो: इथे हात घालू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

काट्यावर आंधळा विश्वास नको. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. साधारण ८० पासून १०० अंशांच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच दिसतो, म्हणजे हलायला लागला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. काही नव्या गाड्यांना तर काटाच नाही, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. आणखी एक फसवी गोष्ट: कूलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. बोनेटमधून वाफ निघतेय आणि काटा नॉर्मल दाखवतोय, असं दिसलं तर वाफेचं ऐका. वारंवार त्रास असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीतला तपासणीचा सॉकेट) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. मोबाइलवर अंशांत आकडा दिसतो आणि चर्चा अंदाजाने करावी लागत नाही.

घाटात काटा वर गेला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. त्रास होतो, पण हीटर कोअर हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तिकडून निघून जाते. चौथ्या गिअरला इंजिन गुदमरत चढवू नका. दुसऱ्यावर घ्या, इंजिनाचे फेरे मिनिटाला २,५०० च्या आसपास राहू द्या, म्हणजे पंप नीट फिरेल. सुरक्षित रुंद जागा दिसली की बाजूला घ्या. काटा लालच्या खाली असेल तर हीटर चालू ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, उतरत असेल तर ठीक. लाल दिवा लागला, वाफ आली किंवा इंजिनातून टकटक आवाज आला तर लगेच बंद. चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यातून काढा, मागच्या दुचाकीवाल्यासाठी.

आणि रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. पुढची कुठलीही तपासणी यापेक्षा महत्त्वाची नाही. आत सुमारे एक बार दाब आणि १०० अंशांहून गरम कूलंट असतं. शिटी न काढता कुकरचं झाकण उघडल्यावर जे होईल तेच इथे होतं. दाब सुटताक्षणी सगळं कूलंट एकदम उकळून तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा. मग जाड कापडाने वरचा होज दाबून बघा. मऊ लागला आणि हाताला सोसवला तरच कापड ठेवून झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं हा दुसरा घातक प्रकार. इंजिनाचं वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं, आणि काही शे रुपयांचा दोष काही हजारांवर जातो.

घरी काम करतानाही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय फॅनजवळ बोटं नेऊ नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

१. लेव्हल आणि रंग

सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, सपाट जागी. टाकीवरच्या मिन आणि मॅक्सच्या मध्ये पाहिजे. ज्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिथे नुसती बाजूची टाकी बघून समाधान मानू नका. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे सर्रास सापडतं. झाकण काढा, कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

रंग हिरवा, गुलाबी, निळा काहीही असो, स्वच्छ हवा. विटकरी गढूळ म्हणजे गंज. वर तेलकट तवंग किंवा दुधाळ साय म्हणजे इंजिन ऑइल मिसळतंय किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल. मग पुढचं काही करू नका. रंगावरून कूलंटचा प्रकार ठरवता येत नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. दोन प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो, आणि गंजरोधक गुण तर नक्कीच कमी होतात.

आता पाण्याचं. माण, खटाव, फलटण, जत, आटपाडी भागातलं बोअरचं पाणी जड असतं. भांड्यात तळाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळी आतून उष्णता सोडेनाशी होते. टॉप-अपला डिस्टिल्ड पाणी वापरा, बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं तेच. रस्त्यात अडचण आली तर नळाचंही चालेल, पण घरी आल्यावर सगळं बदलायचं.

२. झाकण

याच्याकडे कुणी बघत नाही, आणि घाटात गरम होणाऱ्या गाड्यांत पहिला संशयित हेच असतं.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. साताऱ्याच्या उंचीवर ९७-९८ ला, आणि महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, ९५-९६ ला. थर्मोस्टॅट पूर्ण उघडायचं आणि फॅन सुरू व्हायचं तापमान साधारण तेवढंच असतं. म्हणजे आत नुसतं पाणी आणि झाकण दाब धरत नाही, अशी गाडी नॉर्मल तापमानाला पोहोचतानाच उकळते. याउलट निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि ०.९ बारचं चांगलं झाकण असेल तर उकळबिंदू १२० च्या वर जातो. गाडी सपाटीला ठीक आणि वर गेल्यावर बिघडते, याचं सरळ कारण अनेकदा एवढंच असतं.

गार असताना झाकण काढून उजेडात धरा. खालच्या रबरी चकतीवर गोल खाच पडली असेल, रबर कडक झालं असेल किंवा काठाला चिरा असतील तर बाद. मधला छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढा, सुटला की परत बसला पाहिजे. तो अडकला तर गाडी गार होताना बाजूच्या टाकीतलं कूलंट परत आत येत नाही आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवीन घेताना जुन्यावरचा आकडा बघून तेवढ्याच दाबाचं घ्या, ०.९ च्या जागी ०.९ (कुठे ८८ असं किलोपास्कलमध्ये लिहिलेलं असतं, ते तेच). जास्त दाबाचं लावून फायदा होत नाही, जुना होज किंवा प्लॅस्टिकची टाकी मात्र फुटते.

३. पुढची जाळी

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत कचरा साठतो. गळिताच्या हंगामात कराड, वाळवा, इस्लामपूरकडे ट्रॉल्यांमागून रोज फिरणाऱ्या गाडीत पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे यांचा नमदाच बसतो. पुढून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून टॉर्च घेऊन वरून त्या फटीत बघा.

धुताना साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून तिरका मारला तर पातळ फिन आडव्या होतात आणि हवा कायमची बंद.

४. गळती

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठल्या बाजूला आहे ते बघा. होजची टोकं, क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा आणि ॲल्युमिनियमचा जोड, हीटरचे पाईप तपासा. कूलंट गरम पत्र्यावर वाळून जातं, थेंब दिसतच नाही; दिसतो तो पांढरट किंवा हिरवट खरवडण्याजोगा डाग. वॉटर पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून खाली ओघळ आलेला दिसला तर पंपाचं सील गेलं, तो बदलायचाच. भोक एम-सीलने बुजवलेले पंप पाहायला मिळतात. त्याने पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो.

होज दाबून बघा. फुगलेला, पिचपिचीत किंवा करकर वाजणारा बदला.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करायचा जुना उपाय अजून चालतो. तासगाव-सांगलीची हळद भाजीतच राहू द्या. गळती बंद होते ती हळद फुगून बसते म्हणून, आणि ती फक्त गळतीच्या भोकात बसत नाही, हीटर कोअरच्या नळ्यांतही बसते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरींचंही असंच आहे. फार तर घरी पोहोचण्यापुरतं.

५. फॅन आणि बेल्ट

इंजिन चालू, एसी चालू. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन सुरू झाला पाहिजे. न झाल्यास आधी फ्यूज, मग रिले (त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा), मग कनेक्टर वितळलाय का. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. सेन्सर किंवा वायरिंग बघा. दोन वेगांच्या फॅनमध्ये कमी वेगाचा रेझिस्टर जळतो आणि फॅन फक्त फुल स्पीडला उशिरा येतो. वायरिंगचं काम झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर फॅनसमोर कागद धरून वारा इंजिनाकडे जातोय ना, हे बघा. उलटी वायर जोडली की फॅन उलटा फिरतो. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलेलं असेल तर परत बसवा, ते नसलं की फॅन त्याच त्याच हवेत फिरतो.

"फॅन डायरेक्ट करून देतो" ही ऑफर गावी पोहोचण्यापुरती घ्या. कायमची नको, कारण मग सेन्सर गेलाय की रिले हे कधीच कळत नाही.

पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेल्ट चिरलेला, तेलकट किंवा ढिला नाही ना, हे इंजिन बंद असताना बघा.

६. थर्मोस्टॅट

गार इंजिन सुरू करा. रेडिएटरकडे जाणारा वरचा होज काही मिनिटं गार राहतो आणि थर्मोस्टॅट उघडला की झपाट्याने गरम होतो. इंजिन तापलं तरी होज गारच, म्हणजे तो बंद अडकला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या बाजूला असतो. तिथे वरचा होज लवकर गरम होतो आणि खालचा गार राहतो. पहिल्या मिनिटापासूनच होज हळूहळू कोमट होत गेला तर उघडा अडकलाय.

काढून पातेल्यात तपासता येतो. पाणी, थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट तळाला न टेकता दोऱ्याने लटकवलेला. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्या तापमानाला उघडायला सुरुवात व्हावी आणि दहा-बारा अंश पुढे पूर्ण उघडावा. ते पातेलं परत स्वयंपाकाला नको. बसवताना नवीन रबर सील घ्या आणि छोटी हलती पिन असेल तर ती वर ठेवा, हवा तिथून निघते.

थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणं हा आपल्याकडचा आवडता तोडगा. काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो, निम्मं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि चढावर गाडी आणखी तापते. बाकीच्यांत इंजिन थंड राहतं आणि पेट्रोल जास्त जातं.

७. फ्लश, नवीन कूलंट आणि हवा काढणं

वरचं सगळं ठीक निघालं, किंवा कूलंट विटकरी होतं, तर हे करा. पूर्ण गार इंजिन, हीटर गरमवर, खाली पसरट टब, ड्रेन प्लग किंवा खालचा होज मोकळा. सगळं निघत नाही, बरंचसं ब्लॉकमध्ये राहतं. डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, परत काढा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा.

भरताना हिशेब इथे चुकतो. समजा मॅन्युअलमध्ये क्षमता ५ लिटर आहे आणि फ्लशनंतर २ लिटर पाणी आतच राहिलंय. आता निम्मं-निम्मं मिसळून ३ लिटर भरलंत तर आत कूलंट फक्त दीड लिटर, म्हणजे ३० टक्के. म्हणून आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), मग उरलेलं पाणी. ६० टक्क्यांच्या वर मात्र नको, घट्ट कूलंट उष्णता कमी वाहून नेतं. कॅनवर रेडी-मिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नसतं, आणि आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होतं. त्यामुळे फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेटच बरं.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर तो ढिला करून हळू भरा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. मग आयडलला ठेवून फॅन दोनदा सुरू-बंद होऊ द्या, हीटरमधून सलग गरम हवा आली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर लेव्हल भरा आणि पुढच्या दोन-तीन सकाळी परत बघा. पहिल्या दिवशी थोडं खाली जाणं नॉर्मल, तिसऱ्या दिवशीही खाली जात असेल तर गळती आहे.

काढलेलं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, वासरं ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारा.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल दुधाळ दिसलं, गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे आले किंवा होज लगेच कडक झाला, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधलं सील) संशय. गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ फेस असेल तर घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्यांनी तो जमतो, डिपस्टिक महत्त्वाची. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची टेस्ट करायला सांगा. पेट्रोल गाडीत तो पिवळा झाला तर जळका वायू कूलंटमध्ये येतोय हे ठरलं, मग इंजिन उघडण्यावर वाद राहत नाही.

पंप टायमिंग बेल्टवर असेल तर ते काम घरचं नाही. बेल्ट एक दाताने चुकला तरी काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. रेडिएटर आतून चोक असेल (इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की मध्ये गार पट्टे सापडतात) तर रॉडिंगऐवजी (नळ्यांत सळई घालून साफ करणं) नवीनच घ्या, प्लॅस्टिक टाकीचे रेडिएटर उघडून परत नीट बसत नाहीत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबल दिसल्या की बोनेट बंद करा. बॅटरीचं कूलंट वेगळं असतं, चुकीचं टाकलं तर नुकसान मोठं.

हेड उघडलंच तर लेथवर पाठवून सपाटी मोजून घ्यायला सांगा. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटर एवढीच मुभा असते, त्यापेक्षा वाकलं असेल तर फेस मारावा (घासून सपाट करावा) लागतो. तडा आहे का यासाठी प्रेशर टेस्ट करायला सांगा. कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले हेड बोल्ट नवीनच लावा. आणि गॅस्केट का उडालं, फॅनमुळे, झाकणामुळे की चोक रेडिएटरमुळे, ते बिलावर लिहून मागा. मूळ कारण तसंच ठेवून गॅस्केट बदललं तर नवीन गॅस्केटही पहिल्याच घाटात जाईल.